नुसते ताणून भागणार नाही

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर नजर ठेवून पावसाळ्यानंतर धावू लागलेले लोक आपल्याकडे, फिजिओथेरपिस्टांकडे, येतात, तेव्हा त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते : मांडी मागून आखडते. आपले उत्तरही ठरलेले. उताणे झोपून तळपायाला टॉवेल अडकवायचा, पाय वर ओढायचा, तीस सेकंद थांबायचे, असे तीनदा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. नवख्या धावपटूला तेवढ्यावर घरी पाठवणे आता थांबले पाहिजे.

तीस सेकंदांना आधार आहे. बँडी आणि आयरियन यांच्या १९९४च्या अभ्यासात हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या स्नायूला, तीस सेकंद दिलेला ताण साठ सेकंदांइतकाच गुणकारी ठरला होता. मात्र ताणल्यावर पाय जास्त उचलला जातो, तो स्नायू लांबला म्हणूनच असे नाही. वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी २०१० साली पुराव्यांचा आढावा घेऊन दाखवले, की काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने वाढलेला पल्ला मुख्यतः ताण सोसण्याची तयारी वाढल्याचा परिणाम असतो. धावताना या स्नायूवर येणारे काम तर वेगळेच आहे. पुढे गेलेला पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी गुडघा वेगाने सरळ होत असतो आणि हॅमस्ट्रिंग लांबता लांबताच नडगीला आवर घालत असते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या मांडीला या कामाचा सराव नसतो. तो सराव टॉवेलने होत नाही.

म्हणून लांबलेल्या अवस्थेत जोर लावायला शिकवणारे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून हवेत. सुरुवात ब्रिजने करावी, मग टाचा थोड्या लांब ठेवून. पुढे टाचांखाली रुमाल घेऊन कंबर उचललेलीच ठेवत टाचा फरशीवर सावकाश पुढे सरकवायच्या. परतताना कंबर टेकली तरी चालेल. त्यानंतर हातात वजन घेऊन कमरेतून वाकण्याचा रोमानियन डेडलिफ्ट. नॉर्डिक कर्ल नवख्याला बहुधा झेपत नाही, त्याची घाई नको. अशा व्यायामाने लवचिकता घटेल ही भीती निराधार आहे. ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या आढाव्यात एक्सेंट्रिक, म्हणजे स्नायू लांबत असताना जोर लावण्याच्या, व्यायामाने पायांची लवचिकता वाढल्याचेच आढळले. दुखापतींच्या बाबतीत फरक आणखी ठळक आहे. लॉरसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पंचवीस चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक-तृतीयांशाहूनही कमी उरल्या होत्या, स्ट्रेचिंगचा मात्र संरक्षक परिणाम दिसला नाही. त्या चाचण्या वेगवेगळ्या खेळांतल्या होत्या, नवख्या धावपटूंपुरत्या नव्हत्या, हे मान्य. तरी कल कुठे आहे ते स्पष्ट आहे.

आक्षेप असा, की अशाने सुरुवातीला मांडी अधिक दुखेल आणि माणूस व्यायामच सोडेल. दुखेल, हे खरे. पण पाच-सहा आवृत्त्यांपासून सुरुवात केली तर ते दुखणे सुसह्य राहते आणि त्याच व्यायामाच्या पुढच्या खेपांना कमी होत जाते. ते आधीच सांगून ठेवणे आपले काम. शिवाय स्ट्रेचिंगने हे दुखणे नावापुरतेच घटते, हे २०११च्या कॉक्रेन आढाव्याने दाखवले आहे. दुसरा आक्षेप, ताणल्यावर लगेच बरे वाटते. मग ताणू द्यावे. आमचा विरोध स्ट्रेचिंगला नाही, त्यावरच थांबण्याला आहे.

या सगळ्याआधी तपासणी. पाय सरळ उचलल्यावर मांडीमागची ओढ, पाऊल वर वळवताच किंवा मान वाकवताच वाढली, तर मज्जातंतूचा विचार करा. तिथे जोरात ताणणे त्रास वाढवू शकते. बसण्याच्या हाडाशीच दुखत असेल आणि बराच वेळ बसल्यावर वाढत असेल, तर टेंडनवर दाब आणणारे खोल स्ट्रेच सध्या बाजूला ठेवा. धावताना एकदम कळ आली असेल, तर ती आखडलेली मांडी नव्हे, स्नायूची दुखापत समजून चाला. आणि आठवड्याला किती किलोमीटर वाढवले, हे विचारल्याशिवाय कोणालाही व्यायामाचा कागद देऊ नका. त्या कागदावर ताणण्याच्या सेकंदांसोबत व्यायामाच्या आवृत्त्या, वजन आणि दर आठवड्याची वाढ लिहिलेली असू द्या.