करकरणारा खुबा

दिवाळीच्या अंकात चकल्या-अनारशांना सोडून मी खुब्याच्या हाडाची गोष्ट काढली, तर वाचक रागावणार नाहीत ना? पण काय करू! गेल्याच महिन्यात आमच्या थोरल्या मावशी नवा खुबा बसवून घरी आल्या. वॉकर धरून दोन पावले टाकली आणि म्हणाल्या, "अरे, लोखंडच ना ते? मग वाजत कसे नाही?"

गंमत अशी, की ही सारी कथा वाजण्यावरूनच सुरू झाली. पॅरिसचे ज्यूडे बंधू १९४६ पासून मांडीच्या हाडाच्या डोक्याजागी ॲक्रिलिकचा गोळा बसवीत. असा एक रोगी इंग्लंडात जॉन चार्नली या शल्यविशारदाकडे आला. बिचारा जरा पुढे वाकला, की खुबा असा करकरे, की बायको त्याच्याजवळ बसेनाशी झाली! दुसरा कोणी हसून सोडून देता. चार्नली विचारात पडला. करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे गोळा आज ना उद्या ढिला होणार. निसर्गाचा सांधा बर्फावर बर्फ घसरावा त्याहून सुळसुळीत चालतो. पण ते वंगण कृत्रिम सांध्याला तसे लाभत नाही. तेव्हा वस्तूच मुळात निसरडी हवी.

त्याने टेफ्लॉन निवडले. न चिकटणाऱ्या तव्याला असते ना, तेच. १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनची उखळी आणि पोलादी गोळा असे खुबे बसू लागले. खिळलेली माणसे चालू लागली. सुमारे तीनशे जणांना ते बसले, आणि दोन-तीन वर्षांत उखळ्या झिजल्या. झिजेच्या भुकटीने भोवतालचे हाड पोखरले, दुखणे परतले. कसली ही नामुष्की! चार्नलीने निकामी खुबे स्वतःच्या हाताने पुन्हा उघडले, आणि पुढे नव्या पदार्थाबरोबर टेफ्लॉनचेही तुकडे आपल्याच मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. हे त्याने १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापूनही टाकले.

तो नवा पदार्थ कोठून आला? गिरणगावच्या वाचकांनी कान द्यावा. मे १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनच्या इस्पितळात पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या मागांची दातेरी चाके त्याची करीत. चार्नलीने त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि नाक मुरडले. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मुलखाचा चिकट. साहेब परगावी गेलेले पाहून त्याने तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तेवढेही हे तीन आठवड्यांत झिजले नाही. त्याच नोव्हेंबरात पहिली उखळी बसली.

मावशींच्या उखळीलाही त्याच जातीचे, सुधारलेले प्लास्टिक आहे. सगळे ऐकून त्या म्हणाल्या,

"आणि ती दुखणे परतलेली माणसे? पुन्हा त्याच्याच हाताखाली निजली?"

"त्याच्याच, मावशी."

"हं," म्हणाल्या, आणि वॉकर पुढे सरकवला.