शिकलेले यंत्र

मानोरा तालुक्यातील एखादा शेतकरी झाडावरून पडला व त्याच्या डोक्यास मार लागला, अशी कल्पना करावी. बाहेर जखम दिसत नाही. परंतु कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल, तर प्रत्येक घटका मोलाची असते. सीटी स्कॅनच्या चित्रांत हा रक्तस्राव दिसतो. १९७१ साली लंडनमध्ये प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेण्यात आले. मात्र चित्र काढणे निराळे आणि ते वाचणे निराळे. वाचणारे तज्ज्ञ थोडे, व तेही बहुधा मोठ्या शहरांत. वाशिमसारख्या जिल्ह्यातील रुग्णाचे चित्र रात्री निघाले, तर ते कोणी व केव्हा वाचावे?

मुंबईच्या क्युअर.एआय या कंपनीतील संशोधकांनी संगणकालाच हे वाचन शिकविण्याचे ठरविले. देशातील सुमारे २० केंद्रांतून डोक्याची ३,१३,३१८ स्कॅन तज्ज्ञांच्या अहवालांसह जमविण्यात आली. रुग्णांची ओळख पुसून टाकण्यात आली. संगणकाने चित्र पाहून तर्क करावा, तो अहवालाशी ताडून पाहावा, आणि चूक निघताच आतील हिशेब किंचित बदलावा, असा हा अभ्यास होय. हिशेबाचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात, म्हणून या पद्धतीस डीप लर्निंग, म्हणजे सखोल शिक्षण, असे म्हणतात.

पुढे त्याची परीक्षा झाली. ४९१ नवी स्कॅन तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचली व त्यांच्या बहुमताशी यंत्राचे उत्तर ताडण्यात आले. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा निकाल प्रसिद्ध झाला. यंत्राने बहुतेक रक्तस्राव ओळखले. काही मात्र त्याच्या नजरेतून निसटले, आणि काही ठिकाणी त्याने विनाकारण बोट ठेवले.

यावरून कोणी म्हणतात, आता डॉक्टरांची गरज उरणार नाही. कोणी म्हणतात, चुकणाऱ्या यंत्रावर विसंबूच नये. ही दोन्ही मते एकांगी आहेत. ढिगातील धोक्याचे चित्र वर काढून तज्ज्ञापुढे आधी ठेवणे, एवढे काम यंत्राने केले तरी कित्येकांचा अमूल्य वेळ वाचेल. परंतु रुग्ण कसा पडला, त्यास उलट्या होत आहेत काय, त्याच्या घरचे काय सांगतात, हे यंत्रास ठाऊक नसते. ते केवळ चित्र जाणते, आणि तेही माणसांनी शिकविले तेवढेच. चुकीचा जाब यंत्रास विचारता येत नाही. तो माणसासच द्यावा लागतो.

म्हणून असे साधन वाशिमच्या रुग्णापर्यंत अवश्य पोचावे. पण तज्ज्ञाची जागा रिकामी ठेवण्यास ते निमित्त होऊ नये. यंत्राने खूण करावी, तज्ज्ञाने ती पारखावी, आणि निर्णय मात्र रुग्णाच्या आप्तांशी बोलू शकणाऱ्या माणसानेच घ्यावा.