देवदूताचं सोंग

‘योलांडा अँड द थीफ’ (१९४५) हा फ्रेड अस्टेअरचा सिनेमा आज फारसा कुणाला आठवत नाही, आणि त्याचं कारण कथेतच आहे. काल्पनिक लॅटिन अमेरिकी देशात, मठात वाढलेली गर्भश्रीमंत योलांडा आपल्या रक्षक देवदूताला साकडं घालते. ते चोरून ऐकणारा भामटा जॉनी रिग्ज (अस्टेअर) तोच देवदूत असल्याचं सोंग घेऊन तिची इस्टेट लाटायला निघतो. प्रेमकथा इथेच अडते. भाबड्या पोरीच्या श्रद्धेशी खेळणाऱ्या माणसाबद्दल मनात अढी बसते, आणि त्याचं मनपरिवर्तन पटावं इतकी उसंत पटकथा देत नाही. योलांडा झालेली ल्युसिल ब्रेमर नाचते सुरेख. संवादांत मात्र तिचा चेहरा थिजलेला राहतो. त्याहून मोठी चूक म्हणजे अस्टेअर नाचायला लागतो तोच फार उशिरा, आणि तेव्हाही वाट्याला येतं ते दालीच्या चित्रांची आठवण देणारं लांबलचक स्वप्ननृत्य. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेलीची रंगांची जाण त्यात विलक्षण दिसते, पण गोष्ट तिथे थबकते. त्यापेक्षा ‘कॉफी टाइम’ हे नृत्य पाहावं! काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची फरशी, टाळ्यांचा ठेका, एकमेकांना अचूक जोखणारी दोघांची पावलं: त्या काही मिनिटांत जी ओढ जाणवते ती उरलेल्या सिनेमात कुठेच नाही. सिनेमा काढणाऱ्या एमजीएमला मोठा तोटा झाला. पुढे ‘ब्लू स्काइज’ या सिनेमानंतर अस्टेअरनं निवृत्ती जाहीर केली; तो परतला १९४८ च्या ‘ईस्टर परेड’मध्ये, तेही त्या भूमिकेसाठी आधी ठरलेल्या जीन केलीचा घोटा मोडल्यामुळे.