दहा दिवसांचा धीर

गेल्या पावसाळ्यात सर्दीने माझे कपाळ व गाल इतके ठणकू लागले की, वर्गात खाली वाकून हजेरीपट पाहणेही नकोसे झाले. घराजवळच्या औषधविक्रेत्याने ‘सायनस’ असे निदान जागच्या जागी केले आणि चिठ्ठी न मागता प्रतिजैविकाच्या तीन कॅप्सूल पुडीत बांधून दिल्या. आठवड्याने मी बरा झालो व श्रेय अर्थातच कॅप्सूलना दिले. तो हिशेब चुकला होता, हे एका डॉक्टर मित्राने पुढे समजावून दिले.

नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांना येणारी ही सूज बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते आणि विषाणूंपुढे प्रतिजैविके निष्प्रभ असतात. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणूंचा संसर्ग झालाच, असे नव्हे. क्ष-किरण चित्रानेही हा भेद कळत नाही. तो कळतो मुख्यतः काळावरून. दहा दिवसांत उतार न पडणे, उतार पडून दुखणे पुन्हा उलटणे किंवा आरंभीच सलग तीन-चार दिवस १०२ अंश वा अधिक ताप आणि सोबत नाकातून पू किंवा चेहऱ्यात वेदना असणे, यांपैकी काही घडले तर डॉक्टरांकडे जावे. एरवी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, वेदनाशामक गोळी व विश्रांती पुरते. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे वा मान ताठणे, असे झाल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

या प्रश्नात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे? कारण कॅप्सूलची दुकानातील किंमत ही तिची खरी किंमत नव्हे. प्रत्येक अनावश्यक मात्रेने जीवाणू निर्ढावतात. त्याचे मोल उद्या न्यूमोनियाने अंथरुणास खिळलेले दुसऱ्या कोणाचे मूल चुकविते. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेव्हा प्रश्न तुटवड्याचा होता. आज तो उधळपट्टीचाही आहे.

कायदा नाही असे नव्हे. चिठ्ठीविना प्रतिजैविके विकण्यास मनाई आहे. त्यांतील काहींच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची सक्तीही मार्च २०१४ पासून आहे. तथापि, रोजंदारीच्या मजुराला केवळ धीराचा उपदेश करून भागणार नाही. डॉक्टरांची फी व बुडालेला रोज यांपुढे तीन कॅप्सूल त्याला स्वस्तच पडतात. त्याचा हिशेब बरोबर आहे; चुकली आहे ती व्यवस्था. सरकारी दवाखाने सायंकाळी उघडे राहिले आणि आजारपणात रोज बुडाला नाही, तरच धीर त्याला परवडेल. चिठ्ठीच्या सक्तीला या दोहोंची जोड हवी.

माझी गोष्ट निराळी. माझ्या खात्यावर आजारपणाची रजा शिल्लक होती. मला धीर परवडत होता. मी तो धरला नाही, एवढेच.