रिव्हॉल्व्हरच्या आधी अर्थिंग

आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यात घरफोडी झाली. घरची मंडळी लग्नाला अमरावतीला गेली होती. कुलूप तोडलं, कपाट रिकामं केलं आणि चोर पसार. नागपूरच्या उन्हाळ्यात, लग्नसराईत, अशी बातमी आठवड्याआड असतेच. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सोसायटीची बैठक बसली. कॅमेरे झाले, चौकीदार झाला, गेट बंद करण्याची वेळ झाली. मग एक निवृत्त काकाजी उठले. "कॅमेऱ्यानं काय होते? चोराचा फोटो येते फक्त. मी सांगून राहिलो, प्रत्येक घरी लायसनचं रिव्हॉल्व्हर पाहिजे." दोघातिघांनी माना डोलावल्या. एकानं तर किंमतही विचारली.

घर बंद होतं. मग ते रिव्हॉल्व्हर चालवणार कोण होतं? कपाटात दागिन्यांशेजारी ठेवलेलं शस्त्र त्या रात्री दागिन्यांबरोबरच गेलं असतं आणि पुढे कुठल्या तरी गल्लीत कुणावर तरी रोखलं गेलं असतं. मी हे बोलून दाखवलं. "ताई, तुमचं सगळं पेपरात लिहायले ठीक आहे," असं उत्तर मिळालं. ठीक आहे, तर पेपरातच लिहिते.

कायदा थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. ठाण्यामार्फत चौकशी होते, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, घरी ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क आपल्याकडे नाही. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र पूर्वीपासून आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच आहेत आणि त्यासाठी कुणाचा परवाना लागत नाही. अंगावर आलेल्याला रोखा, रात्री घर फोडून शिरलेल्याचा प्रतिकार करा. फक्त गरजेपेक्षा जास्त इजा करू नका, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर पोलिसांना बोलवा.

काकाजींचं दुसरं वाक्य मात्र माझ्या मनात राहिलं. "इंग्रजांनी आपल्याले निःशस्त्र केलं, तेव्हापासून आपण असे झालो."

यातला पहिला भाग खरा आहे. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्रबंदीचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही आणि गोऱ्याला मुभा, असा तो उघड भेदाचा कायदा होता. अहिंसेचं व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत या कायद्याला अगदी वरची जागा दिली होती. आणि नागपुरात बसून हे बोलायचं तर एका माणसाचं नाव निघायलाच हवं होतं. त्या गच्चीवर ते कुणाच्याच तोंडी आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

ते नाव मंचरशा आवारी यांचं. नागपूरचे पारशी गृहस्थ, पण सगळं गाव त्यांना 'जनरल आवारी' म्हणायचं. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आपल्याला शाळेत शिकवला जातो. जमनालालजी बजाज आणि मग सरदार पटेल यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्यानंतर चार वर्षांनी याच शहरात झालेला शस्त्र सत्याग्रह मात्र आपण विसरून गेलो. १९२७ साली आवारींनी स्वयंसेवकांची एक तुकडी उभी केली, तिला प्रजासत्ताक सेना म्हटलं, आणि हातात तलवारी घेऊन ती नागपूरच्या रस्त्यांवर उतरली. मागण्या दोन: शस्त्रबंदीचा कायदा काढून टाका आणि बंगालमध्ये चौकशीविना डांबलेल्या राजबंद्यांना सोडा. सुभाषबाबू त्याच राजबंद्यांपैकी, त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं होतं.

गांधीजींना हे पसंत पडलं नाही. या चळवळीला आपली संमती नाही आणि हातात तलवार घेऊन सत्याग्रह होत नाही, असं त्यांनी 'यंग इंडिया'त स्पष्ट लिहिलं. आवारी थांबले नाहीत. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांचे चिरंजीव गेव्ह आवारी १९७७ साली नागपूरचे खासदार झाले. तेवढ्यानं तरी जुन्या नागपूरकरांना हे आडनाव आठवत असेल.

मी गांधीजींच्या बाजूची आहे, हे माझ्या वाचकांना ठाऊक आहे. तरीही आवारींबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांची तलवार चोरावर चालवायची नव्हती, शेजाऱ्याला धाक दाखवायचीही नव्हती. ती भर रस्त्यात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढायची आणि तुरुंगात जायचं. एका माणसाला मिळणारी मुभा दुसऱ्याला नाही, हा अपमान त्यांना सहन होत नव्हता. त्यांनी मागितलं ते सगळ्यांसाठी आणि त्याची किंमत स्वतः मोजली. आज आपण जे लायसन मागतो ते फक्त आपल्या कपाटापुरतं. आवारींचा वारसा सांगून ही मागणी करणं मला पटत नाही.

आवारींच्या मागणीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली, मूलभूत हक्कांचा ठराव झाला. त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. म्हणजे आवारी ज्यासाठी तुरुंगात गेले ते चारच वर्षांत काँग्रेसच्या कागदावर आलं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती नाकारली. कुणीही बाजारात जावं आणि हवी ती हत्यारं विकत घ्यावीत, असा हक्क दिला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याचं कर्तव्य महत्त्वाचं, असंही त्यांनी सांगितलं. दुरुस्ती पडली. घटनेच्या १९ व्या कलमानं आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेनं आणि विनाशस्त्र.

मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. पण नागपुरात ते नुसतं पटवून घेऊन भागत नाही. इथे कस्तुरबानगर आहे. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्या जिल्हा न्यायालयात, भर दिवसा, अक्कू यादव या गुंडाला जमावानं ठार मारलं. जमावात बहुतांश त्या वस्तीतल्या बायका होत्या. वर्षानुवर्षं त्यानं त्यांचं जगणं नरक केलं होतं आणि तक्रारी करूनही दाद लागत नव्हती. त्यांच्याकडे ना लायसन होतं ना रिव्हॉल्व्हर. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होत्या, तिखट होतं. पुढे खटला चालला आणि २०१४ साली आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. त्या दिवसाचा गौरव करायलाही उचलत नाही. न्यायालयाच्या आवारात माणूस मारला जाणं हा त्या वस्तीचा विजय नव्हता. आधीच्या प्रत्येक तक्रारीला ज्यांनी परत पाठवलं त्यांचं ते अपयश होतं. घराघरात शस्त्रं असती तर बायका सुरक्षित झाल्या असत्या, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं विचार करावा: पहिलं शस्त्र गुंडाच्याच हाती आलं असतं. त्या बायकांना हवा होता तो तक्रार लिहून घेणारा ठाणेदार.

म्हणून सुरक्षिततेचा विषय निघाला की मी चिडते. विषय नको म्हणून नाही. तो फार गंभीर आहे आणि आपण त्यात नेमकं चुकीचं मागतो म्हणून.

त्याच गच्चीवरून मी खाली पाहिलं. दहा-बारा खिडक्यांना डेझर्ट कूलर लटकलेले. लोखंडी पत्र्याचे, तळाला गंज धरलेले. एका कूलरची वायर खिडकीतून आत गेली होती, मध्ये जोड, जोडावर काळी टेप, आणि टेपवरून ताटीचं पाणी ठिबकत होतं. खालच्या मजल्यावर एक पोरगा कूलर सुरू ठेवून पाइपनं टाकीत पाणी सोडत होता. पाय अनवाणी, खाली ओली फरशी. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. त्यांत लहान मुलं असतात, पाणी भरायला गेलेल्या आया असतात. महावितरण दरवर्षी आवाहन करतं, आपण ते वाचतो आणि पान उलटतो. चोराची भीती आपल्याला झोपू देत नाही, आणि रात्रभर ज्या पत्र्याला टेकून आपण झोपतो त्याची भीती वाटत नाही.

मागे नायलॉन मांजावर लिहिलं तेव्हा काहींनी कळवलं होतं की नुसता संताप नको, काय करायचं ते लिहा. लिहिते. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिना आहेत पण मागे अर्थिंगच नाही, अशी कितीतरी जुनी घरं आहेत. मीटरशेजारच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जमिनीत जायला लागली की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रवाह तोडतो. रिव्हॉल्व्हरच्या किमतीत सबंध बिल्डिंगला बसतील. पाण्यात बुडणाऱ्या पंपाची वायर जोडाची नको. कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडानं त्याला तारेपासून दूर करा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं, मदत येईपर्यंत न थांबता. हे नुसतं वाचून येत नाही, हातानं शिकावं लागतं.

आणि ते शिकवणारे याच शहरात बसले आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये १९५७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आता एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालं आहे. १९५७ सालीच राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय रामपूरहून नागपुरात आलं. देशभरातले अधिकारी इथे येऊन शिकून गेले: ढिगाऱ्यातून माणूस कसा काढायचा, धुरात कसं शिरायचं, पुरात दोर कसा टाकायचा. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घराघरात शिरली, तेव्हा अंबाझरी लेआउटमध्ये आणि कॉर्पोरेशन कॉलनीत माणसं अंधारात पलंगावर उभी होती. लष्कर आलं, बोटी आल्या. पण त्याआधी जी मदत झाली ती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. कुणाकडे दोर नव्हता, कुणाला मेन स्विच पाडायचं सुचलं नाही, कागदपत्रं खालच्याच खणात भिजली. तळमजल्यावर एकटं राहणारं म्हातारं माणूस कुठल्या घरात आहे, हे गल्लीत किती जणांना माहीत होतं? स्वावलंबन म्हणजे मला हे वाटतं. शेजार ओळखीचा असणं आणि हाताला चार कामं येणं. दाराआड एकट्यानं पिस्तूल धरून बसलेल्या माणसाला मी स्वावलंबी म्हणत नाही.

नागपूर महापालिकेला, पोलीस आयुक्तांना आणि या दोन्ही संस्थांना माझी जाहीर विनंती आहे. प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या आधी आणि एकदा पावसाळ्याच्या आधी, रविवारी सकाळी तीन तासांचं शिबिर घ्या. मैदान महापालिकेच्या शाळेचं घ्या, शिकवायला तुमची माणसं पाठवा, आणि प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे असा आग्रह धरा. गर्दी जमवायचं काम मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण करू. तोवर वाचकांनी एवढं तरी करावं: आज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा, पायात रबरी चप्पल घाला, आणि मुलांना हे काम सांगू नका.