दोष कोणाचा नव्हे, गरज कशाची

वाचन: योहानकृत शुभवर्तमान 9:1-7; मार्ककृत शुभवर्तमान 7:31-37



योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभू दोघांवरचाही आरोप नाकारतो. मग तो वाद घालत बसत नाही, थेट कामाला लागतो. चिखल करून डोळ्यांना लावतो आणि त्या माणसाला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्य मागे वळून कारण शोधत होते, तर प्रभू त्या माणसाला आता काय हवे आहे ते पाहत होता.

शिष्यांचा तो प्रश्न आपल्या इंदूरच्या घरांतून अजून गेलेला नाही. मंडळीतल्या घरी भेटीला गेलो की तो आमच्या कानी पडतो. बाळ हाकेला वळत नाही हे लक्षात आले की आजी म्हणते, “आमच्या घराण्यात असं कुणाचंच नाही, सुनेच्या माहेरचं असणार.” कोणी ग्रहणाची आठवण काढते, कोणी गरोदरपणातल्या भीतीची. कोणी हलक्या आवाजात शापाचे नाव घेते. आणि ह्या सगळ्यात बाळाची आई गप्प बसून असते.

आमचे मत असे आहे की ऐकू न येणाऱ्या प्रत्येक बाळाची जनुक तपासणी करावी का, हा प्रश्न कुटुंबाने डॉक्टरांना लवकरात लवकर विचारावा आणि मंडळीने त्यात कुटुंबाच्या पाठीशी उभे राहावे. ही तपासणी गुन्हेगार शोधण्यासाठी करायची नसते. पुढे ह्या लेकराला काय काय लागणार आहे, ते कळावे म्हणून ती करायची.

आधी घराण्याच्या आरोपाविषयी. जन्मतः येणाऱ्या बहिरेपणात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुलांमध्ये कारण आनुवंशिक असते. तरीही बहुतेक बहिऱ्या मुलांच्या आईबापांना उत्तम ऐकू येते. ते असे होते: प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून माणसाला काही कळतही नाही. आई आणि वडील दोघांकडेही त्याच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्ही बिघडलेल्याच प्रती मिळतील. म्हणजे अशा घरात एकट्या सुनेचे काही नसते आणि एकट्या मुलाचेही नसते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झाले असेल तर ही शक्यता वाढते, हेही आपण उघडपणे बोलले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. आनुवंशिक बहिरेपणाच्या सुमारे तीस टक्के मुलांमध्ये बहिरेपणा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर शरीरात आणखी काही असते. डॉक्टर त्याला सिंड्रोम म्हणतात. पेंड्रेड सिंड्रोममध्ये गळ्यातली थायरॉईड ग्रंथी वाढू शकते. अलपोर्ट सिंड्रोममध्ये मूत्रपिंडे बिघडतात आणि ऐकू येणे पुढे हळूहळू कमी होते. वार्डनबर्ग सिंड्रोममध्ये कपाळावर पांढऱ्या केसांची बट किंवा निळे डोळे दिसतात. आईबाप कानाच्या मागे धावत असतात आणि दुसरी गोष्ट आत लपून राहते.

दोन उदाहरणे जरा सविस्तर सांगतो.

1957 साली नॉर्वेतल्या येर्वेल आणि लांगे-नील्सन ह्या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. आईबाप धडधाकट होते. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती आणि त्यांना मधूनमधून बेशुद्धी येई. त्यांपैकी तिघे लहानपणीच अचानक गेले. दोष हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतप्रवाहात होता. हा आजार विरळा आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण बहिरे मूल धावताना किंवा दचकून बेशुद्ध पडले, तर आपल्याकडे त्याला फिट समजतात, कुठे कुठे भूतबाधाही समजतात. प्रार्थना अवश्य करा, पण त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. साधा ईसीजी बहुतेक वेळा संशयाला जागा देतो, जनुक तपासणीने खात्री होते, आणि औषधांनी व काळजीने जीव वाचवता येतो. भावंडांची व आईबापांची तपासणीही मग वेळेत होते.

दुसरे उदाहरण अशर सिंड्रोमचे. त्याच्या पहिल्या प्रकारात बाळ जन्मतः बहिरे असते आणि तोल सांभाळता न आल्याने दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही. पुढे वयाच्या दहा वर्षांच्या सुमारास त्याला रात्रीचे दिसेनासे होऊ लागते, मग नजरेचा घेर आक्रसत जातो. जे मूल डोळ्यांनी हातवारे आणि ओठ वाचून जग समजून घेणार, त्याचे डोळेच पुढे मंदावणार असतील, तर हे पहिल्या वर्षी कळणे आणि बाराव्या वर्षी कळणे ह्यांत किती अंतर आहे! आधी कळले तर कॉक्लिअर इम्प्लांटचा निर्णय लवकर घेता येतो आणि शाळा विचार करून निवडता येते. अंधारात अडखळणाऱ्या लेकराला कोणी धांदरट म्हणत नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची. तज्ज्ञ सांगतात की बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. पण आपल्याकडे “आजोबाही उशिराच बोलायला लागले होते” ह्या एका वाक्यावर दोन वर्षे निघून जातात. आधी ओएई आणि बेरा ह्या कानाच्या चाचण्या, त्या न दुखणाऱ्या आहेत. बहिरेपणा ठरला की मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जनुक तपासणी, तिला थोडेसे रक्त पुरते. तपासणीत प्रत्येक वेळी उत्तर सापडतेच असे नाही, आणि अहवालाचा अर्थ जाणकाराकडूनच समजून घ्यावा.

इंदूरकरांना कुठे जावे हा प्रश्न पडू नये. एमवाय हॉस्पिटलचा कान-नाक-घसा विभाग आपल्या शहरातच आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मध्य प्रदेश सरकारची मुख्यमंत्री बाल श्रवण योजना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी आहे. जनुक तपासणीला मात्र काही हजारांच्या पुढे खर्च येऊ शकतो, आणि मंडळीच्या मदत निधीचा उपयोग इथे व्हावा असे आम्हांला वाटते.

काही बांधव विचारतात की हे देवाच्या कामात लुडबूड करणे नाही का? शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुणे जर विश्वासाचे कृत्य होते, तर बाळाला तपासणीला नेणेही आहे. 1877 साली इंदुरात आलेल्या कॅनडाच्या मिशनऱ्यांनी उपदेशाबरोबर दवाखानेही काढले, ते उगाच नव्हे.

दुसरी शंका जास्त खरी आहे. हा अहवाल उद्या सोयरिकीच्या बायोडेट्यावर चढेल का? बहिरी मुले जन्मालाच येऊ नयेत असा त्याचा वापर होईल का? ह्या भीतीला आम्ही हलके मानत नाही. बहिरे माणूस देवाच्या प्रतिरूपात कमी पडत नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. त्याच बाईंनी केडगावचे मुक्ती मिशन उभे केले आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. तपासणीने लेकराची किंमत ठरवायची नाही. त्याची सोय करायची आहे.

मार्काच्या सातव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. लोक बहिऱ्या माणसाला घेऊन आले तेव्हा येशूने त्याला आधी गर्दीतून बाजूला नेले. मंडळीनेही हेच करावे. एखाद्या घराचा अहवाल महिला मंडळाच्या चहात, व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थनाविनंतीत किंवा लग्न जुळवणाऱ्यांच्या तोंडी येता कामा नये. कुटुंबाने परवानगी दिली तरच नाव घेऊन प्रार्थना व्हावी.

आणखी तीन गोष्टी पाळक साहेबांकडे आणि कमिटीकडे मागतो. बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या आधी पाळक आईबापांना भेटतात, तेव्हा श्रवण चाचणी झाली का हे प्रेमाने विचारावे. लग्नाआधीच्या समुपदेशनात आनुवंशिकतेवर अर्धा तास डॉक्टरांना बोलवावे. आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनी भारतीय सांकेतिक भाषेचे निदान नमस्कार, प्रार्थना, ये, बस एवढे तरी शिकावे, म्हणजे अहवाल काहीही येवो, ते लेकरू आपल्यात एकटे बसणार नाही.

हे प्रभू, आमच्या घरांतून दोष देणारी जीभ काढून टाक. ज्यांची लेकरे ऐकू शकत नाहीत त्या आईबापांना वेळेवर वाट दाखव, डॉक्टरांच्या हातांना यश दे, आणि आम्हांला कोणाचे गुपित सांभाळण्याइतके विश्वासू कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.