नावाचा अपमान खुपला. नदीचा का खुपत नाही?

कार्बापेनेम गटातील प्रभावी प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणाऱ्या एका जनुकाला 'न्यू दिल्ली'चे नाव देण्यात आले होते. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट' परिवारातील नियतकालिकाने या 'एनडीएम-१'च्या प्रसाराविषयीचा शोधनिबंध छापला आणि देशभर संताप उसळला. भारताचे वैद्यकीय पर्यटन पाश्चात्त्यांच्या डोळ्यांत सलते, हा त्यांचाच डाव, असे संसदेतही बोलले गेले. राजधानीचे नाव रोगाच्या माथी मारणे अनुचितच होते. जानेवारी २०११ मध्ये 'लॅन्सेट'च्या संपादकांनी क्षमा मागितली आणि राष्ट्राभिमान सुखावला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीतील पाण्याचे निष्कर्ष आले. रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत तेच जनुक होते. क्षमायाचनेने ते वाहून गेले नव्हते.

परकीयांवर विश्वास नसेल, तर पुण्याकडे पाहावे. मुठेच्या गाळाचा अभ्यास भारतीय आणि स्वीडिश संशोधकांनी मिळून केला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी प्रतिरोधाची १७५ जनुके त्यांना आढळली. एनडीएम त्यांतच होते. शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरातील गाळात या जनुकांचे सापेक्ष प्रमाण ३० पट होते. आता कट कोणाचा म्हणायचा?

यावर नगरपित्यांचे ठरलेले उत्तर असते : शुद्धीकरण केंद्रे उभारली आहेत, आणखी उभारू. केंद्रे हवीतच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरे रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण करीत होती आणि त्यातील प्रत्यक्ष शुद्ध होत होते अवघे २०,२३६ दशलक्ष लिटर. परंतु 'शुद्ध' म्हणजे काय, हे कोणी विचारीत नाही. घराघरांतील आणि रुग्णालयांतील मैलापाणी केंद्राच्या हवा खेळविलेल्या टाकीत एकत्र येते. तेथे सेंद्रिय घाण खाण्यासाठी जिवाणू मुद्दाम दाट वाढविले जातात. न पचलेल्या औषधांचे अंश, सामान्य जिवाणू आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू एकाच हौदात नांदतात. प्रतिरोधाचे जनुक एकाकडून दुसऱ्याकडे सोपविण्यास याहून सोयीची जागा कोणती? बाहेर पडणाऱ्या पाण्यात जिवाणूंची संख्या पुष्कळ घटलेली असते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण जे उरतात त्यांच्यात प्रतिरोधी किती, हे मोजण्याचे बंधन कोणावर आहे? २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांतील केंद्रांसाठी प्राणवायूची जैविक मागणी लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत आणि १०० मिलिलिटरमधील विष्ठाजन्य कोलीफॉर्म जिवाणू हजाराच्या आत असावेत, असे ठरविले. त्यात प्रतिरोधी जनुकांचे नाव नाही. क्लोरीनने जिवाणू मेला तरी त्याचे जनुक शाबूत राहू शकते आणि दुसरा जिवाणू ते उचलू शकतो. केंद्रातून निघालेला गाळ पुढे खत म्हणून शेतात जातो, तो वेगळाच विषय.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा गळाल्या. सत्ता आपल्या विचारांची असो वा परक्या, ही गळती झोंबायला हवी. पुण्यात तर मार्च २०२२ मध्ये नदीकाठ सुशोभीकरणाचे भूमिपूजन झाले. काठाला दगडी साज चढेल, पण गाळातील जनुकांना त्याची काय पर्वा!

मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीत साठते, तेथून सोलापूरच्या नळांना जाते आणि पंढरीत चंद्रभागा होऊन वाहते. आषाढीला लक्षावधी वारकरी त्यात स्नान करतात, ओंजळभर तीर्थ म्हणून प्राशनही करतात. नदीला माता म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न आपल्याच महापालिकेला विचारावा : केंद्रातून नदीत सोडलेल्या पाण्यात प्रतिरोधी जिवाणू किती, हे कधी मोजले, आणि तो आकडा कोठे वाचावयास मिळेल?